पपईचा चीक आणि सुजलेला पाय
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय तुमच्या स्वयंपाकघरातलाच आहे. मटण लवकर शिजावे म्हणून आपण त्याला कच्ची पपई लावतो. ताजा अननस दुधात घालून ठेवला तर दूध कडू होते. दोन्हीकडे एकच काम चालते. पपईतील पपेन आणि अननसातील ब्रोमेलेन ही एन्झाइम, म्हणजे विकरे, प्रथिनांचे तुकडे करतात.

मी पाड्यांवर परिचारिका म्हणून फिरते. तिथल्या एका आजींनी मला विचारले, "बाई, पपईनं मटण मऊ होतं, मग सूज का नाय उतरायची?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शास्त्रज्ञही याच वाटेने गेले आहेत.

जखम झाली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. कुठे वळायचे, कुठे चिकटायचे, हे त्यांना अंगावरच्या काही प्रथिनांमुळे कळते. ब्रोमेलेन त्यातली काही प्रथिने छाटते. पेशी मरत नाही, पण तिला हाक कमी ऐकू येते आणि जखमेपाशी गर्दी कमी होते. उंदरांवरील प्रयोगांत हे दिसले आहे. माणसांत मात्र चित्र संमिश्र आहे. अक्कलदाढ काढल्यावरची सूज काही अभ्यासांत कमी झाली, काहींत विशेष फरक पडला नाही.

ब्रोमेलेन, ट्रिप्सिन आणि रुटोसाइड एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडेही डॉक्टर लिहून देतात. भाजलेल्या जखमेवरची मेलेली कातडी काढण्यासाठी अननसाच्या खोडातील विकरांपासून केलेल्या लेपाला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तो सुमारे ४ तास ठेवतात, तोही रुग्णालयात, वेदनाशामक देऊन.

मग पपईचा चीक थेट जखमेवर का लावू नये? चिकात औषध किती, याचे माप नसते. तो कातडीला झोंबतो, कधी फोडही येतात. झाडावरून आलेल्या चिकाबरोबर जंतूही येऊ शकतात. आणि अननस खाऊन गोळीचा गुण मिळेल असेही नाही. ब्रोमेलेन खोडात जास्त असते आणि उष्णतेने निकामी होते, म्हणून डबाबंद अननसात ते जवळजवळ उरत नाही. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे सूज ही नुसती शत्रू नाही. त्या गर्दी करणाऱ्या पेशीच जंतूंशी लढतात. पाय सुजला, ताप आला, पू झाला, लाल रेघ वर सरकू लागली, तर आत जंतू पसरत आहेत. सापाने चावा घेतला असेल तर कोणताही चीक विष उतरवत नाही. रुग्णालयातले प्रतिविषच लागते. अशा वेळी लेप लावून घालवलेला दिवस जिवावर बेततो.

मी आजींना एवढेच म्हटले, "आजी, तुमची पपई खोटी नाही. पण तिचं औषध व्हायला माप लागतं, स्वच्छता लागते. मटणाला खुशाल लावा. पायाला लावायच्या आधी मला बोलवा."

आता त्या बोलावतात. म्हणून मित्रहो, दवाखान्यासाठी मदत पाठवताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा: स्वच्छ पट्ट्या, आणि रात्री रुग्णाला तालुक्याला नेणाऱ्या जीपचे डिझेल. झाडपाल्याची जाण पाड्यावर आहेच. वेळेवर पोहोचण्याची सोय आपण करू या.