मुलाची सही, आईचा हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



या मंडळात आजवर मी उभी राहिले ती मंगळागौरीच्या खेळांत, नाहीतर भिशीचा हिशेब वाचायला. व्यासपीठावरून बोलण्याची ही पहिलीच वेळ. चिटणीसबाईंनी विषय दिला, परदेशात राहणाऱ्या मुलांच्या वतीने घर घेणे आणि त्यासाठी लागणारे मुखत्यारपत्र. मी म्हटले, "अहो, हा वकिलाचा विषय." त्या म्हणाल्या, "कायदा वकील सांगतील. तुम्ही तुमच्यावर आलेला प्रसंग सांगा." आपल्यापैकी किती घरांतली मुले आज समुद्रापलीकडे आहेत, हे मी सांगायला नको. म्हणून हा प्रसंग सांगते.

माझा धाकटा मुलगा न्यू जर्सीत असतो. २०१६ साली त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. त्यामुळे भारताचा पासपोर्ट परत गेला आणि त्याच्या हाती ओसीआय कार्ड आले. ज्या पुण्यात तो जन्मला, वाढला, शिकला, ते पुणे कागदोपत्री त्याला परदेशच झाले. पण मन कागदाचे ऐकत नाही. २०१८ साली त्याने ठरवले, की इथे आपले एक घर असावे.

ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला इथे राहते घर किंवा दुकान, कचेरी विकत घेता येते. शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस मात्र विकत घेता येत नाही. कोकणात आंब्याची बाग घेऊन ठेवायचे कोणाच्या मनात असेल, तर आधी हे ध्यानात घ्यावे. पैसाही बँकेमार्फतच यावा लागतो, परदेशातून थेट पाठवलेला किंवा इथल्या एनआरई, एनआरओ खात्यातला. डॉलरच्या नोटा हातावर ठेवून व्यवहार करता येत नाही.

घर पसंत पडले, पण येणार कोण? त्याला रजा मिळेना आणि सूनबाईंचे दिवस भरत आलेले. तेव्हा मुखत्यारपत्र करायचे ठरले. "माझे अमुक काम माझ्या नावाने अमुक व्यक्तीने करावे" असे लिहून देणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा कायदा आहे १८८२ सालचा, म्हणजे आपल्या पणजीच्या काळातला.

घर दाखवणाऱ्या मध्यस्थाने एक तयार मसुदा आणून दिला. चार पाने होती. खरेदी करणे, विकणे, गहाण टाकणे, भाड्याने देणे, कर्ज काढणे, बँकेचे खाते चालवणे, कोर्टकचेरी करणे, आणि शेवटी हे सारे अधिकार आणखी कोणाला देणे! वर ते गृहस्थ म्हणाले, "आजी, तुम्हाला कशाला दगदग? आमच्या कचेरीतल्या माणसाचेच नाव घालू." एवढे मात्र मला कळले. मी म्हटले, "दगदग होऊ दे. नाव माझेच घाला."

तो मसुदा मी आमच्या आळीतल्या वकीलबाईंकडे नेला. त्यांनी चष्मा लावला, लाल शाईचे पेन काढले आणि विक्री, गहाण, कर्ज, अधिकार दुसऱ्याला देणे, सगळ्यांवर काट मारली. उरले ते एवढेच: अमुक इमारतीतला अमुक क्रमांकाचा फ्लॅट, त्याचा करारनामा सही करणे, तो नोंदवणे, ताबा घेणे, विजेचा मीटर नावावर करणे आणि पुढे कर व सोसायटीची वर्गणी भरणे.

खरे सांगते, मला ते लागले. त्या रात्री सूनबाईंचा फोन आला, "आई, वकीलबाई म्हणतात तसेच करू या." तेव्हा तर अधिकच लागले. ज्याचे बोट धरून मी त्याला शाळेत नेले, त्याने आईच्या हाताला अशी वेसण घालावी? मी कोणाला काही बोलले नाही. पण दोन दिवस जेवण गेले नाही.

असो. मुलाने तिथल्या नोटरीसमोर सही केली आणि त्यावर तिथल्या राज्याच्या कार्यालयाचे अपॉस्टिल घेतले. हे अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा कागद दुसऱ्या देशाने खरा मानावा यासाठीचे प्रमाणपत्र. तो करार १९६१ सालचा असून आपला देश त्यात २००५ साली सामील झाला. आपल्या वकिलातीत जाऊन साक्षांकन करून घेण्याचा मार्गही आहेच.

पाकीट घरी आले आणि इथे माझी चूक झाली. मी ते देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि चांगला दिवस पाहू म्हणून तसेच राहू दिले. मध्ये पितृपक्ष आला, मग दिवाळी आली. दिवाळीनंतर वकीलबाईंनी विचारले, "पाकीट कोणत्या तारखेला आले?" नशिबाने वरचा लखोटा मी फेकला नव्हता. त्यांनी बोटांवर मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. परदेशात केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. तीन महिने पुरे व्हायला नऊ दिवस राहिले होते! दुसऱ्याच दिवशी आम्ही मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात उभ्या होतो. म्हणून सांगते, कागद हाती आला की आधी लखोट्यावरची तारीख वहीत लिहा. देवाला नमस्कार तीन महिन्यांच्या आतही पोहोचतो.

मग नोंदणीचा दिवस उजाडला. फोटो झाला, अंगठे झाले. करारावर मुलाचे नाव आणि त्याखाली "तर्फे मुखत्यार" म्हणून माझी सही. इतक्यात समोर आणखी एक कागद आला. ते मुखत्याराने करायचे घोषणापत्र होते. त्यात लिहिले होते, की हे मुखत्यारपत्र रद्द झालेले नाही आणि ते लिहून देणारी व्यक्ती मयत झालेली नाही.

भगिनींनो, माझा हात तिथेच थांबला. आपला मुलगा जिवंत आहे असे आईने सरकारला लिहून द्यायचे! मी बाहेर व्हरांड्यात आले आणि फोन लावला. तिथे मध्यरात्र उलटून गेली होती. तो दचकून उठला, "आई, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही रे, तुझा आवाज ऐकायचा होता." आत येऊन सही केली.

वकीलबाईंनी नंतर कारण समजावले. माणूस गेला की त्याने दिलेले मुखत्यारपत्रही सहसा तिथेच संपते. आपल्यापैकी काहीजणी म्हणतात, "यजमानांनी मला मुखत्यारपत्र दिले आहे, आता मागची काळजी नाही." तसे नव्हे. मागच्या व्यवस्थेसाठी मृत्युपत्र लागते. ही दोन पत्रे निरनिराळी आहेत.

आता मुख्य गोष्ट सांगते. वर्षभराने, २०१९ साली, माझ्या थोरल्याला धंद्यात खोट आली. एका संध्याकाळी तो जवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, मुखत्यार तूच आहेस. ते घर सहा महिने गहाण ठेवू. मी सोडवतो. त्याला मागाहून सांगू." थोरल्या सूनबाईही दाराशी उभ्या होत्या. त्यांचेही म्हणणे, "सही आईंची, म्हणजे घर आईंचेच ना?"

मी स्वतःला ओळखते. थोरल्याचे ते उतरलेले तोंड पाहून मी सही केली असती. पण मी कपाटातून तो कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा वाचला. म्हणाला, "यात गहाणाचा शब्दच नाही." मी म्हटले, "नाही. मी फक्त हात आहे रे, घर त्याचे आहे." तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने आपणहून भावाला फोन केला. दोघे तासभर बोलले. धाकट्याने आपल्या शिलकीतून काही रक्कम उसनी दिली आणि थोरल्याने ती दोन वर्षांत फेडली. आज दोघे भाऊ बोलतात, दिवाळीला एकमेकांच्या मुलांना खाऊ पाठवतात.

त्या रात्री मला लाल शाईचा अर्थ कळला. ती वेसण माझ्या हाताला नव्हती. उद्या एका मुलाला "नाही" म्हणण्याची पाळी आईवर येऊ नये, म्हणून ते "नाही" आधीच कागदावर लिहिले गेले होते. दोन दिवस ज्या कागदावर मी रुसले, त्यानेच माझी दोन्ही मुले राखली.

दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगून संपवते. मुखत्याराने हिशेब दिला पाहिजे, असे कायदाच सांगतो. मी मीटरच्या अर्जापासून रिक्षाभाड्यापर्यंत सारे एका वहीत लिहिते आणि दर दिवाळीला वहीचे फोटो पाठवते. मुलगा हसतो, पण मी सोडत नाही. दुसरे, नुसत्या मुखत्यारपत्रावर कोणी घर "विकत" देऊ लागला, तर घेऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखताने. तिसरे, नवी इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तिची नोंद पाहा. नातवंडे ते दोन मिनिटांत दाखवतात.

आणि ज्यांना उलट दिशेने, इथे बसून परदेशात घर घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. इथे केलेल्या मुखत्यारपत्रावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल लागते. जो देश त्या करारात नाही, त्याच्या वकिलातीचे साक्षांकन लागते. तिथला मुखत्यार आपल्या डोळ्यांआड असतो, म्हणून लाल शाईचे पेन तिथे अधिकच हवे.

तेव्हा मुलगा कागद पाठवील, त्यातले अधिकार थोडे दिसले तर मन खट्टू करू नका. आणि फारच भरमसाट दिसले, तर तुम्ही स्वतःच काट मारा.