फोन भरला म्हणून नवा घ्यायची घाई नको

मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी हप्ता, व्याज आणि दप्तर यांवर बोलते. आजचा विषय आहे आपल्या मोबाईलमधली जागा.

"स्टोरेज फुल" असं फोनवर येतं, ते बहुतेक जणींनी पाहिलं असेल. सुरुवातीला आपण तिकडं लक्ष देत नाही. मग एक दिवस काम अडतं. ई-पीक पाहणीसाठी वावरात उभं राहावं, तर ॲप अपडेट होत नाही. गटाच्या प्रस्तावाचा फोटो काढावा, तर कॅमेरा नाही म्हणतो. मुलीच्या शाळेतून आलेली फाईल उघडत नाही. जागा अगदीच तळाला गेली, तर काही फोनमध्ये साधा एसएमएससुद्धा आत येत नाही. म्हणजे बँकेचा ओटीपीही अडकला.

अशा वेळी तीन सल्ले मिळतात. एक, फोन जुना झाला, नवा घ्या. दोन, दुकानात द्या, तो "रिसेट" मारून देईल. तीन, एक सफाईचं ॲप टाका, आपोआप साफ होईल. पहिल्या सल्ल्यात पैसे जातात. दुसऱ्यात फोनमधलं सगळंच जातं. लेकीच्या लग्नाचे फोटोही जातात आणि दप्तराच्या पानांचे फोटोही. तिसऱ्यात काय जाईल ते सांगता येत नाही. आमच्याकडं नव्या फोनसाठी अंतर्गत कर्जाच्या मागण्या येतात. कारण विचारलं, की बऱ्याचदा उत्तर एकच असतं, "भरलाय हो ताई." मैत्रिणींनो, कणगी भरली म्हणून कुणी घर बदलत नाही. आधी आत काय आहे ते बघतो.

तर आधी बघूया. फोनच्या सेटिंगमध्ये जा आणि "स्टोरेज" नावावर दाबा. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये नाव जरा इकडंतिकडं असेल, पण सापडेल. तिथं एकूण जागा किती, भरली किती, आणि फोटो, व्हिडिओ, ॲप यांनी किती किती घेतली, ते दिसतं. ते वहीत लिहून ठेवा. सफाईनंतर पुन्हा बघायचं आहे.

इथं एक गोंधळ मिटवते. फोनच्या खोक्यावर ४ आणि ६४ असे दोन आकडे असतात. ६४ ही सामान ठेवायची जागा. ४ ही काम करायची जागा, तिला रॅम म्हणतात. स्वयंपाकघरात ओटा वेगळा आणि माळा वेगळा, तसं. पडद्यावर उघडी असलेली ॲपं बोटानं सरकवून बंद केली, तर ओटा आवरतो. माळा भरलेला तो भरलेलाच राहतो. आणि ६४ जीबीतली काही जागा फोन स्वतःच्या कामासाठी घेतो. उरेल ती आपली.

आता हिशोब. १ जीबी म्हणजे साधारण १,००० एमबी. आपल्या फोननं काढलेला एक फोटो सुमारे ३ ते ५ एमबीचा असतो. चांगल्या दर्जाचा एक मिनिटाचा व्हिडिओ १०० एमबीच्या वर जातो. म्हणजे एका मिनिटाच्या व्हिडिओत वीस-पंचवीस फोटोंची जागा जाते. हळदीत नाचताना काढलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ एकटाच १ जीबी खातो. म्हणून एकेक फोटो निवडत बसू नका. आधी व्हिडिओकडं वळा.

पण थांबा. काढायच्या आधी ठेवायचं वेगळं करायचं. दिवाळीला माळा उपसताना आपण कागदपत्रांची पेटी आधी खाली घेतो ना, तसंच. फोनमधली पेटी कोणती? दप्तराच्या पानांचे फोटो, कर्जाचे कागद, पावत्या, सातबारा, दाखले आणि घरच्यांचे जपायचे फोटो. जे कागद कामाचे आहेत, त्यांची छापील प्रत काढून फाईलला लावा. गटाचं खरं दप्तर वहीतच असतं. फोनमधला फोटो हा फक्त जोड आहे.

फोटो जपायचे असतील, तर बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गूगल फोटोज असतं. त्यात "बॅकअप" सुरू केला, की फोटोंची प्रत आपल्या गूगल खात्यात जाते. फोन पाण्यात पडला तरी नव्या फोनवर ते फोटो मिळतात. फुकटात १५ जीबी जागा मिळते, पण ती फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह या तिन्हींना मिळून. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो या १५ जीबीत मोजले जातात. बॅकअपमध्ये "स्टोरेज सेव्हर" निवडलं, तर फोटो थोडे लहान करून ठेवले जातात आणि ही जागा जास्त दिवस पुरते.

बॅकअप सुरू करण्याआधी एक गोष्ट नक्की बघा. फोनमध्ये खातं कुणाचं आहे? फोन घेतला तेव्हा ते दुकानदारानं उघडून दिलं का? पुतण्याचं घातलंय का? पासवर्ड कुणाला माहीत आहे? खातं दुसऱ्याचं असेल, तर तुमचे फोटो त्याच्याकडं जातील. मोजकं बोलते, पण समजून घ्या. आपल्या अंगणातले, माहेरचे, लेकीबाळींचे फोटो कोण बघू शकतं, हा प्रश्न जागेपेक्षा मोठा आहे. खातं आपलं असावं आणि पासवर्ड आपल्याला माहीत असावा. नसेल तर आधी ते करून घ्या, मग बॅकअप.

बॅकअपला नेट लागतं. रोजच्या पॅकमधलं उरलेलं नेट रात्री १२ वाजता वाया जातं. ते यासाठी वापरा. जेवणं उरकली, की फोन चार्जिंगला लावा आणि बॅकअप चालू द्या. मोबाईल नेटवर बॅकअप घेण्याची परवानगी सेटिंगमध्ये वेगळी द्यावी लागते. तिथं दिवसाला किती नेट वापरायचं, ती मर्यादाही घालता येते. चार-सहा रात्री लागतील, लागू द्या.

बॅकअप पूर्ण झाला असं दिसलं, की मगच "फ्री अप स्पेस" दाबा. ज्यांची प्रत खात्यात गेली आहे, तेवढेच फोटो त्यानं फोनमधून निघतात. इथं नीट लक्ष द्या. गूगल फोटोजमध्ये एखादा फोटो साध्या "डिलीट"नं काढला, तर तो फोनमधूनही जातो आणि खात्यातूनही. दोन्ही बटणं दिसायला शेजारणी, पण स्वभाव अगदी वेगळा.

आता सगळ्यात मोठा ढीग, व्हॉट्सॲप. आपण किती ग्रुपमध्ये आहोत ते मोजा. गावाचा, भावकीचा, भजनी मंडळाचा, ग्रामसंघाचा, शाळेचा. सकाळी सगळीकडून तेच सुप्रभात आणि तोच व्हिडिओ. एक व्हिडिओ पाच ग्रुपमधून आला, की तो पाच वेळा दिसतो.

व्हॉट्सॲप उघडा. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, मग सेटिंग, मग "स्टोरेज अँड डेटा", मग "मॅनेज स्टोरेज". तिथं ५ एमबीपेक्षा मोठ्या वस्तू एकत्र दिसतात. पुष्कळ वेळा फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दिसतात. त्याखाली, कोणत्या ग्रुपनं किती जागा घेतली ते मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं दिसतं. आधी फॉरवर्डचा ढीग उघडा. एकावर बोट दाबून धरा, नको ते सगळे निवडा, काढा. मग ५ एमबीच्या वरचे बघा. तिथं जरा सावकाश, कारण त्यात आपल्या प्रशिक्षणाचा व्हिडिओही असू शकतो.

बायका मला विचारतात, "ताई, मी काढलं तर ग्रुपमधल्यांना कळेल का? त्यांच्याकडूनही जाईल का?" नाही. इथून काढलेलं फक्त आपल्या फोनमधून जातं. सासूबाईंनी पाठवलेला व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये तसाच राहतो. काळजी करू नका.

ढीग काढला, आता पुन्हा होऊ नये याची सोय. त्याच "स्टोरेज अँड डेटा"मध्ये "मीडिया ऑटो डाउनलोड" आहे. मोबाईल नेट आणि वायफाय, दोन्हीकडच्या फोटो, ऑडिओ, व्हिडिओवरच्या खुणा काढून टाका. मग आलेला फोटो धूसर दिसेल. बघायचा असेल तरच त्यावर दाबा, तेव्हा तो उतरेल. जागाही वाचते, नेटही वाचतं. "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद करून मात्र जागा वाचत नाही. फोटो गॅलरीत दिसत नाहीत एवढंच. झाकलं म्हणजे काढलं नव्हे.

पुढचा ढीग डाउनलोडचा. "फाइल्स" नावाचं ॲप उघडा. एकच सातबारा चार वेळा उतरवलेला असतो. योजनेचा अर्ज तीन वेळा. आधारची फाईल पाच वेळा. एक ठेवा, बाकी काढा. गूगलचं "फाइल्स" असेल, तर त्यात दुहेरी फायली शोधून दाखवण्याचीही सोय आहे.

मग ॲप. सहा महिन्यांत ज्याला हात लावला नाही, ते काढा. पोरांनी घातलेले गेम पोरांना विचारून काढा, नाहीतर घरात भांडण. यूट्यूबवर उतरवून ठेवलेले व्हिडिओही बघा.

ॲपच्या माहितीत दोन बटणं असतात. "क्लिअर कॅश" म्हणजे कामाच्या ओघात साठलेला केरकचरा. तो काढायला हरकत नाही. "क्लिअर डेटा" किंवा "क्लिअर स्टोरेज" म्हणजे त्या ॲपमधलं सगळंच. व्हॉट्सॲपला ते दाबलंत, तर बोलणी जातील. बँकेच्या किंवा पैसे पाठवायच्या ॲपला दाबलंत, तर नोंदणी पुन्हा करावी लागेल. या दुसऱ्या बटणाला हात लावू नका.

एवढं करूनही जागा सुटली नाही, तर "ट्रॅश" किंवा "बिन" बघा. गॅलरीतून काढलेले फोटो बहुतेक फोनमध्ये महिनाभर तिथं पडून राहतात आणि तोवर जागा अडवतात. चुकून काढलेला फोटो परत मिळावा, म्हणून ती सोय आहे. नीट बघा, हवा तो परत घ्या आणि बाकी रिकामं करा.

फोनला मेमरी कार्डाची खाच असेल, तर कार्ड टाका आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटो कार्डावर जातील असं करा. पण कार्डही खराब होतं. जपायच्या फोटोंची एकच प्रत कार्डावर ठेवू नका.

आता न करायच्या गोष्टी. इंटरनेटवर अचानक "तुमचा फोन भरला आहे, इथे दाबा" असं येतं. ती जाहिरात असते, दाबू नका. व्हॉट्सॲपवर कुणी एपीके नावाची फाईल पाठवली, मग ती सफाईची असो की योजनेची, उघडू नका. ओळखीच्या माणसाकडून आली तरी नाही. त्याचा फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अशा फायलींतून आपले एसएमएस, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याला वाचता येतात. खात्यातून पैसे गेलेच, तर लाजू नका आणि वाट बघू नका. लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितकं लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुकानात फोन द्यायची वेळ आलीच, तर समोर बसा. "रिसेट" म्हटलं, की आधी विचारा, माझं काय काय जाणार? पिन सांगून घरी येऊ नका.

कधीकधी फोन खरंच जुना झालेला असतो. जागा मुळातच १६ जीबी, आणि कामाची ॲपं त्यावर चालेनाशी झालेली. तेव्हा नवा घ्या, गटातून कर्ज घेऊनही घ्या, त्यात कमीपणा नाही. पण सफाई करून बघितल्यावर घ्या. घेतलेलं कर्ज फेडायचं आपल्यालाच असतं. त्याच रकमेत एक शेळी येते, शिलाई मशीनचं काम निघतं.

आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे अद्ययावत नोंदी. महिन्यातल्या एका बैठकीत, दप्तर लिहून झाल्यावर, अर्धा तास फोनसाठी ठेवा. ज्या ताईला जमतं तिनं शेजारणीला दाखवायचं, पण बोट शेजारणीनंच लावायचं. दुसऱ्यानं करून दिलेली सफाई एकदाच होते. स्वतः केलेली पुन्हा करता येते.

या बैठकीत एवढंच करा. स्टोरेजचा आकडा वहीत लिहा, खातं कुणाचं आहे ते बघा आणि ऑटो डाउनलोड बंद करा. पुढच्या बैठकीत आकडा पुन्हा बघा आणि किती जागा सुटली ते एकमेकींना सांगा.