दोन तासांचे अंतर

(पेरुंगुडी, चेन्नई येथील माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मुंबई-चेन्नई हा विमानप्रवास जेमतेम दोन तासांचा. लोहमार्गाने मात्र सुमारे १,२८० किलोमीटर आणि जवळजवळ एक अहोरात्र. ऑक्टोबर १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला आणलेले टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पुढे बळ्ळारीमार्गे या शहरात आणले. त्या सेवेत माणसांआधी पत्रांना जागा मिळाली, हे मला भाषेची शिक्षिका म्हणून फार आवडते.

मुले नोकरीसाठी इकडे निघाली की, ‘दोनच तासांवर तर आहे,’ असे मीही त्यांच्या आईवडिलांना सांगत आले. पण ते तास केवळ आकाशातले. पेरुंगुडीहून मीनंबाक्कम, तेथील प्रतीक्षा, मग मुंबईतील रहदारी. घरापासून घरापर्यंत सहा तास सहज होतात. आपल्या एका विद्यार्थिनीला पहाटे वडिलांच्या आजाराचा निरोप आला. मिळेल त्या पहिल्या विमानाने ती निघाली. पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

हीरक महोत्सवाला आपण याल, याची मला खात्री आहे. फक्त परतीचे तिकीट त्याच रात्रीचे काढू नका. घरी आईच्या हातचे जेवून दोन दिवस राहा.