पिळदार, काटक, धिप्पाड



आज आपण अंगकाठीचे शब्द वाचणार आहोत. मजबूत शरीराला आपल्या भाषेत काय काय म्हणतात, ते पाहू. हे शब्द तुमच्या तोंडी रोज असतात. आता ते डोळ्यांनी वाचायचे आहेत. वाचताना अर्थाकडेही लक्ष द्या. शब्द भलत्याला लावला, तर त्या माणसावर अन्याय होतो.

पहिला शब्द धिप्पाड. धिप्पाड म्हणजे उंच आणि रुंद. दारात उभा राहिला की दार भरून जाते, असा माणूस. या शब्दाने माणसाचे माप कळते. ताकद किती, ते कळत नाही.

दुसरा शब्द धष्टपुष्ट. यात 'ष्ट' हे जोडाक्षर दोनदा आले आहे. सावकाश वाचा. खाऊनपिऊन अंग चांगले भरले, की धष्टपुष्ट म्हणतात. माणसाला म्हणतात, बैलालाही म्हणतात. पण धष्टपुष्ट निराळा आणि लठ्ठ निराळा. लठ्ठ माणसाच्या अंगावर चरबी फार असते. बैल घेताना आपण नुसते अंग पाहतो का? नाही. त्याला चालवून पाहतो, खूर पाहतो, दात पाहतो. मग माणसाच्या बाबतीतच नुसते अंग का पाहावे?

तिसरा शब्द पिळदार. यात 'पीळ' आहे. सुटा वाख ओढला तर तुटतो. त्यालाच पीळ भरून दोर वळला, तर तो बैलालाही आवरतो. ज्याचे दंड आणि मांड्या अशा घट्ट वळलेल्या दिसतात, त्याचे शरीर पिळदार. हात कोपरात दुमडून मूठ आवळा. दंडावर गोळा येतो ना? ती बेटकुळी. अंगातल्या अशा मांसाला स्नायू म्हणतात. स्नायू आखडतो आणि हाडाला ओढतो, म्हणून हात हलतो. स्नायूला मेहनत हवी. पोटात डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी असे काही जायला हवे. रात्री झोप हवी. हे मिळाले तर तो वाढतो. मेहनत थांबली की तो उतरतो. म्हणूनच शरीर 'कमावले' असे म्हणतात. पैसा कमावतात, कातडे कमावतात, तसे शरीरही कमावतात. ते आयते मिळत नाही.

चौथा शब्द काटक. अंगावर मांस थोडे, पण दिवसभर काम करून जो दमत नाही, तो काटक. मजुरीला माणूस लावताना पुष्कळ जण धिप्पाड माणूस आधी निवडतात. काटक माणूस मागे राहतो. पण दुपार टळल्यावर शेतात जाऊन बघा. कोण बांधावर बसला आहे आणि कोणाचा हात अजून चालू आहे, ते तिथे कळते.

याचा एक मोठा दाखला आपल्या घरचाच आहे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथले खाशाबा जाधव 1952 साली फिनलंड देशात हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळले. त्यांचा गट होता 57 किलोंचा.  धिप्पाड म्हणावे, असे ते नव्हते. पण अंगात चपळाई होती आणि डावपेच पक्के होते. त्यांनी कांस्यपदक आणले. एकट्याने खेळून मिळवलेले स्वतंत्र भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक.

आता एक अवघड गोष्ट बोलू. मुलगा अंगापिंडाने मजबूत असला, की आपण कौतुकाने 'दणकट' म्हणतो. मुलगी तशीच असली, की तिला काय म्हणतो? आडदांड! शरीर तसेच, पण एकाला शाबासकी आणि दुसरीला टोमणा. मुलगी पाहायला आलेले पाहुणे नाजूक मुलगी मागतात. लग्न झाले, की तिच्याच डोक्यावर पाण्याचे हंडे आणि गवताचे भारे देतात. नाजूक हातांनी हे होणार कसे? हरियाणातल्या रोहतक जिल्ह्याची साक्षी मलिक 2016 साली ब्राझील देशात रिओच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळली. तिचा गट होता 58 किलोंचा. तिनेही कांस्यपदक आणले. कुस्तीत भारतीय स्त्रीने मिळवलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. तिला कोणी आडदांड म्हणेल का?

तेव्हा आम्हांला वाटते, जो शब्द मुलाला शोभतो, तो मुलीलाही द्यावा. दणकट, काटक, कणखर हे शब्द दोघांनाही चालतात. त्यात एक कानामात्राही बदलावी लागत नाही.

आता पाटी घ्या. घरातल्या सगळ्या माणसांची नावे एकाखाली एक लिहा. प्रत्येक नावापुढे आज वाचलेला एकेक शब्द लिहा. आईच्या नावापुढे आणि लेकीच्या नावापुढे कोणता शब्द लिहाल, तो मात्र नीट विचार करून लिहा. लिहून झाले, की त्यांना वाचून दाखवा.