श्रमाचा अधिवास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमधील काही मुलेमुली कार्यकर्त्यांच्या दाराशी येतात. गुण बरे असतात, शिकण्याची इच्छा असते, आणि हातातल्या पिशवीत जे कागद असतात त्यांपैकी नेमका हवा तोच नसतो. बाप वीस वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून, तेलंगणातून किंवा कलबुर्गीकडून इमारतींच्या कामावर आलेला. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलगी येथेच वाढली, महापालिकेच्या शाळेत शिकली, मराठी तुमच्याआमच्यासारखी बोलते. तिला विचारले जाते : तुम्ही मूळच्या कुठल्या?

हा प्रश्न आजचा नाही. भारतीय नागरिकाला देशात कोठेही वास्तव्य करण्याचा हक्क संविधानाच्या १९व्या अनुच्छेदाने दिला. १५व्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु ‘जन्मस्थान’ आणि ‘निवास’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली बहुमताने ठरविले. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेतले जात होते; ते या निकालाने वैध ठरले. पुढे १९८४ साली याच न्यायालयाने भारतात अधिवास एकच, तो भारताचा, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले खरे. तरी राज्यनिहाय जागांची पद्धत मर्यादित स्वरूपात चालूच राहिली. २०२५ च्या जानेवारीत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणातील अधिवासाधारित आरक्षण घटनाबाह्य ठरले. पदवीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गवंड्याच्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

त्याहून कठोर प्रसंग मुंबईतच घडला. आंध्रातील अनुसूचित जमातीचा एक मुलगा वडिलांच्या सरकारी उद्योगातील नोकरीमुळे वयाच्या नवव्या वर्षी मुंबईत आला. शाळा येथे, बारावी येथे. वैद्यकीय प्रवेशासाठी त्याने राखीव जागेवर अर्ज केला, तेव्हा त्याचा दाखला दुसऱ्या राज्याचा म्हणून तो नाकारला गेला. १९९० साली घटनापीठाने या नकारावर शिक्कामोर्तब केले. कारण असे दिले गेले की, जातीजमातींच्या याद्या ‘त्या राज्यापुरत्या’ आहेत, आणि स्थलांतर करणाऱ्याबरोबर त्याचा दर्जा प्रवास करीत नाही. यावर योग्य तो कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असेही न्यायालयाने सुचविले होते. त्याला तीन तपे होत आली.

याद्यांचा हा खेळ एकदा नीट पाहावा. धोबी उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात परीट म्हणून इतर मागासवर्गात. बंजारा तेलंगणात अनुसूचित जमात, कर्नाटकात अनुसूचित जात, महाराष्ट्रात विमुक्त जाती. रेल्वेगाडीने राज्याची सीमा ओलांडली की दारिद्र्य तेच राहते, अपमान तोच राहतो. बदलतो तो फक्त रकाना. आणि हे केवळ ‘बाहेरच्यांचे’ दुखणे आहे असे समजू नका. खानदेशातून सुरतेला पोटासाठी गेलेल्या आपल्या दलित कुटुंबांचाही हाच अनुभव आहे. गुजरातच्या यादीत महार जात आहे. तरीही बाप महाराष्ट्रातून आलेला असेल तर त्याच्या मुलाला तेथील सवलत मिळत नाही. मराठी माणसाच्या नावाने मुंबईत गळा काढणाऱ्यांनी सुरतेतल्या या मराठी मुलासाठी कधी मोर्चा काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

शुल्काकडे वळू. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४ च्या जुलैपासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ झाले आहे. हे निर्णय स्वागतार्हच आहेत. परंतु सवलतीच्या अर्जाला अधिवासाचा दाखला लागतो, त्यासाठी सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि झोपडीचा मालक भाडेकरार करून देत नाही. अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची. पण ती विद्यार्थ्याच्या मूळ राज्याने द्यावयाची. म्हणजे मुंबईत शिकणाऱ्या बिहारी दलित मुलाने अर्ज बिहारकडे करायचा. शिधापत्रिकेवरचे धान्य आता देशभर कोठेही उचलता येते. शिष्यवृत्ती मात्र गावच्या खुंट्याला बांधलेली आहे. हे अशक्य असते तर धान्याचेही झाले नसते.

येथे मला बडोद्याची आठवण होते. डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म महूचा, शिक्षण साताऱ्यात आणि मुंबईत. एल्फिन्स्टन महाविद्यालयासाठी आणि पुढे १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांना शिष्यवृत्ती दिली ती बडोदा संस्थानाने! ‘आपण बडोद्याचे रहिवासी किती वर्षांचे?’ असा रकाना सयाजीरावांच्या दरबाराने पुढे केला असता तर काय झाले असते? संस्थानाने करार जरूर लिहून घेतला, पण तो परतल्यावर दहा वर्षे चाकरी करण्याचा. मागचा जन्म त्यांनी पाहिला नाही, पुढचे काम पाहिले. एका राजाला जे सुचले ते प्रजासत्ताकाला सुचू नये, हे आश्चर्यच.

आपली भूमिका मी याच टोकापासून मांडू इच्छितो. ज्याने शहर बांधले त्याच्या मुलांचा त्या शहरातील महाविद्यालयावर हक्क आहे, आणि त्या हक्काचा पुरावा आजोबांच्या कागदात शोधायचा नसून बापाच्या श्रमात आणि मुलीच्या शाळेच्या नोंदवहीत शोधायचा आहे. ही केवळ घोषणा नाही. आपल्या एका कायद्यात हे तत्त्व आधीच शिरलेले आहे. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने अशी तरतूद केली की, मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेला अठरा ते साठ वयाचा कोणताही बांधकाम मजूर कल्याणकारी मंडळाचा लाभार्थी होऊ शकतो. तो कोठे जन्मला हे कायदा विचारत नाही. महाराष्ट्राच्या मंडळाकडून अशा मजुराच्या दोन मुलांपर्यंत पदवीसाठी वर्षाला २० हजार, अभियांत्रिकीसाठी ६० हजार आणि वैद्यकीय शिक्षणासाठी १ लाख रुपये साहाय्य मिळण्याची तरतूद आहे. पैसा बांधकाम खर्चावरील उपकराचा. म्हणजे एका अर्थी मजुरांचाच.

मग हे पैसे घेणारी मुले इतकी थोडी का भेटतात? कारण नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदार देत नाही. मजूर नाक्यावर उभा राहतो, आज या मालकाकडे, उद्या त्या. नोंदणी झाली तर नूतनीकरण राहते. आणि दलाल मात्र प्रत्येक नाक्यावर हजर असतो. संघटनेचे काम येथे सुरू होते. दाखल्यासाठी ठेकेदाराला आणि महापालिकेला घेराव घालणे हे वेतनवाढीच्या लढ्याइतकेच वर्गीय काम आहे. काही मित्रांना ते ‘समाजसेवेचे’ वाटते. मला तसे वाटत नाही.

दुसरे काम शांतपणे करावयाचे आहे. मुलगी आठवी-नववीत असतानाच तिची कागदपत्रे पाहावीत. शाळेच्या नोंदीत जन्मस्थान बरोबर लिहिले आहे का, हे तपासावे. दहावी-बारावी महाराष्ट्रातून आणि जन्मही महाराष्ट्रातला असेल, तर अभियांत्रिकीच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाचा स्वतंत्र दाखला नसला तरी पात्रता येते, ही साधी गोष्ट कित्येक पालकांना ठाऊक नसते. सलग वास्तव्य सिद्ध करण्यासाठी पहिलीपासूनच्या शाळेच्या नोंदींसारखा भक्कम कागद दुसरा नाही, म्हणून शाळा बदलताना प्रत्येक दाखल्याची प्रत जपावी. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचावी, गतवर्षीच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आणि मुलांना महाविद्यालय प्रत्यक्ष दाखवावे. ज्या घरात कोणी आत पाऊल टाकलेले नाही, तेथे अभियांत्रिकी आणि पदविका यांतला फरक कोण सांगणार? ग्रंथालय, वसतिगृह, ‘कमवा व शिका’ योजनेत काम करणारे विद्यार्थी हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे. नोकरी सोडता येत नसेल त्याला मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे, हेही सांगावे. मात्र गरिबाने मुक्त विद्यापीठातच जावे असा त्याचा अर्थ होऊ देऊ नये.

स्थानिकांच्या जागा जातील, असा आक्षेप तुमच्यासमोर येईल. त्याला टाळू नका. शासकीय महाविद्यालयांतील जागा पुरेशा नाहीत, अनुदान आटत चालले आहे आणि खासगी संस्थांचे शुल्क मराठी शेतमजुराच्या मुलालाही तितकेच परवडत नाही, हे आकड्यांनिशी दाखवा. बीडच्या ऊसतोड मजुराचा मुलगा अधिवासाचा दाखला खिशात असूनही बारावीपर्यंत पोहोचत नाही, कारण दर हंगामात त्याची शाळा तुटते. तो आणि नाक्यावरच्या बिहारी गवंड्याची मुलगी यांना एकाच सभेत बोलावून ही चर्चा करा.

येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दोन मजूर नाके निवडून नोंदणी झालेले व न झालेले मजूर, आणि त्यांची आठवीच्या पुढची मुले, यांची यादी करावी. पहिल्या याद्या आल्या की दाखल्यांच्या प्रश्नावर कामगार आयुक्तांकडे कोणत्या मागण्या घेऊन जायचे ते आपण ठरवू.