ऊन पाणी आणि मोकळी हवा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



शास्त्रातील एखाद्या घरगुती विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आम्हांला आज्ञा झाली. विषय शोधावा लागला नाही. मागल्या हिवाळ्यात आमची शाळकरी मुलगी न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंत धरूनच. डोके गरगरत होते, मळमळत होते. तिला मोकळ्या हवेत आणले, दवाखान्यात नेले आणि अल्लाच्या कृपेने ती बरी झाली. कोंदट न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवू दिला, ही चूक आमची. वर्गात आम्ही ज्वलन शिकवतो आणि घरी तेच विसरलो!

पूर्वी घरोघर तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून बंद खोलीत तो कोणी पेटवीत नसे. पुढे १९७०च्या दशकात आपल्या महानगरपालिकेने नळाने गॅस देण्यास आरंभ केला. स्वच्छ ज्योत आली, धूर गेला. पण धुराबरोबर धोक्याची सूचनाही गेली.

गीझरची युक्ती साधी आहे. तोटी उघडली की वाहत्या पाण्याच्या दाबाने आतला पडदा हलतो, गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. ज्योतीवर तांब्याची नळी वेटोळे घालून असते; तिच्यातून जाता जाता पाणी तापते. साठवण नाही, थांबणे नाही. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ साली असे यंत्र केले, तेव्हा त्यालाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती.

आता थोडे गणित. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचे, तर गॅस सुमारे २० लिटर जळतो. एक भाग गॅसला जवळजवळ दहा भाग हवा लागते. म्हणजे मिनिटाला २०० लिटर. चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते ती सुमारे ५,४०० लिटर. दहा मिनिटांत तिच्यातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक हवा ज्योत वापरते. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गळतीचा जो वास आपण ओळखतो, तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. या विषाचा नव्हे.

आपले कित्येक आप्त विलायतेत राहतात. तेथे ‘कॉम्बी बॉयलर’ नावाचे एकच यंत्र दोन कामे करते. थंडीत ते बंद नळ्यांतून गरम पाणी खोल्याखोल्यांत फिरवून घर ऊबदार ठेवते. तोटी उघडताच आतली झडप ती उष्णता नळाच्या पाण्याकडे वळवते. म्हणून तोटी चालू असेपर्यंत खोल्यांची ऊब थांबते. पण मुख्य गोष्ट निराळीच आहे. आजच्या अशा यंत्राची ज्योत बंद पेटीत जळते. हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो. खोलीतल्या हवेशी तिचा संबंध नाही.

एवढीच शिकवण आपण घेऊ. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागी बसवावा आणि त्याचा धूर नळीने थेट बाहेर काढावा. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर गीझर बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावे. अंघोळीत डोके दुखले तर तोटी बंद करून तत्काळ बाहेर यावे. आत गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर संकोच न करता दार फोडावे.

पहाटेची वजू असो की पूजेआधीचे स्नान, ऊन पाणी सर्वांनाच हवे. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने आपले न्हाणीघर एकदा पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.