मोबाईलमधला ठरलेला ब्राउझर



खेड्यात घरोघरी लिहितीवाचती माणसं नव्हती, त्या काळात पत्र आलं म्हणजे ते वाचून दाखवणारा एक ठरलेला माणूस असे. कुठे तो शाळामास्तर असे, कुठे पोस्टमन, कुठे चावडीवरचा तलाठी. पत्र कुणाकडूनही आलेलं असो, घरातलं पोर ते घेऊन त्याच्याकडेच धावत जाई. 'आज कुणाकडे न्यावं?' असं दर वेळी कुणी विचारीत नसे. ते ठरलेलं होतं. आज मी चार शब्द बोलणार आहे ते अशाच एका ठरलेल्या वाचणाऱ्याविषयी. फरक इतकाच, की तो आता आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये बसलेला आहे.

आपल्याला निरोपातून एखादा दुवा येतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा, सातबाऱ्याच्या संकेतस्थळाचा, शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या नोंदणीचा. त्या ओळीवर आपण बोट ठेवतो आणि पान उघडतं. हे पान आणून आपल्यापुढे मांडणारा जो प्रोग्राम, त्याला ब्राउझर म्हणतात. परिभाषेची आवड असणाऱ्यांनी त्याला 'न्याहाळक' असा मराठी शब्द दिला आहे; पण बोलताना आपण सगळे ब्राउझरच म्हणतो, तेव्हा मीही तोच शब्द वापरतो. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत तयार केला. आज क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट अशी कितीतरी नावं आहेत. एका फोनमध्ये दोन-तीन ब्राउझर सुखाने नांदू शकतात. मग दुव्यावर बोट ठेवलं, की त्यांपैकी कुणी पुढे यायचं? ज्याला आपण, किंवा आपल्या नकळत फोन बनवणाऱ्याने, ठरवून ठेवलं असेल त्याने. यालाच डीफॉल्ट ब्राउझर म्हणतात. आपण त्याला ठरलेला ब्राउझर म्हणू.

'एवढ्याशा गोष्टीसाठी भाषण कशाला? पान उघडल्याशी कारण!' असं कुणी म्हणेल. मलाही पूर्वी तसंच वाटे. पण एका प्रसंगाने माझे डोळे उघडले.

माझा एक विद्यार्थी, शेतमजुराचा मुलगा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होता. मुदतीचा शेवटचा दिवस. अर्जाचा दुवा त्याला समाजमाध्यमाच्या एका ॲपमधल्या गटात मिळाला आणि तिथल्या तिथेच त्याने तो उघडला. तासभर खपून माहिती भरली. मग खातरजमेसाठी फोनवर सहा आकडी क्रमांक आला. तो पाहायला तो निरोपांच्या ॲपमध्ये गेला, आणि परत येतो तो अर्ज गायब! दुसऱ्यांदा भरला, पुन्हा तेच. संध्याकाळी तो माझ्याकडे आला. मी ऐटीत सांगितलं, "अरे, नेटवर्क नसेल. पुन्हा भर." त्याने पुन्हा भरला आणि पुन्हा गेला. मध्यरात्री मुदत संपली. पुढच्या वर्षी त्याचा अर्ज वेळेत गेला. पण त्या एका वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. दोष नेटवर्कचा नव्हता, हे मला चार दिवसांनी कळलं. मी दिलेला सल्ला चुकीचा होता, म्हणून आज हे सांगायला बसलो आहे.

तेव्हा झालं होतं असं. बऱ्याच समाजमाध्यमांच्या ॲपमध्ये पानं दाखवण्याची स्वतःची एक छोटी खिडकी असते. दुवा आपल्या ठरलेल्या ब्राउझरकडे न पाठवता ते ॲप स्वतःच उघडून दाखवतं. म्हणजे पत्र आणून देणाऱ्यानेच ते दारात उभं राहून फोडावं आणि वाचून दाखवावं, तशातला प्रकार. या खिडकीला आपल्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बहुधा माहीत नसतात. ते ॲप बंद झालं किंवा पुन्हा पहिल्या पानावर गेलं, की खिडकी मिटते आणि भरलेली माहिती तिच्याबरोबर जाते. उलट खऱ्या ब्राउझरमध्ये पान आपल्या जागी उघडं राहतं. निरोप पाहून परत आलं, तर ते बहुधा तिथेच सापडतं.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. महत्त्वाचा अर्ज भरण्यापूर्वी आपण कुठे आहोत ते पाहा. पानाच्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात, त्यांवर बोट ठेवा. 'ब्राउझरमध्ये उघडा' अशा अर्थाची ओळ तिथे असेल, तर आपण छोट्या खिडकीत आहोत असं समजा, आणि ती ओळ निवडून आधी बाहेर पडा. अशी ओळ सापडली नाही, तर दुव्यावर बोट दाबून धरा, त्याची नक्कल करून घ्या आणि ब्राउझर उघडून वरच्या पट्टीत ती चिकटवा. दुसरी काळजी अशी, की लांबलचक अर्जाची माहिती आधी वहीत लिहून काढावी. ही जुनी सवय नव्या यंत्रालाही मानवते.

आता ठरलेला ब्राउझर बदलायचा कसा, ते पाहू. अँड्रॉइड फोन असेल तर 'सेटिंग्ज' उघडा, तिथे 'ॲप्स', त्यात 'डीफॉल्ट ॲप्स' आणि त्यात 'ब्राउझर ॲप'. फोनमध्ये असलेल्या ब्राउझरांची यादी समोर येईल. हवं त्या नावावर बोट ठेवलं की काम झालं. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. पण गोंधळून जाण्याचं कारण नाही. सेटिंग्जच्या वरच्या बाजूला शोधण्याची जागा असते. तिथे 'डीफॉल्ट' एवढं लिहिलं, तरी वाट सापडते.

आयफोनची गोष्ट थोडी निराळी. त्यावर सप्टेंबर २०२० पर्यंत ठरलेला ब्राउझर बदलताच येत नसे. सफारी म्हणजे सफारी. त्या महिन्यात आलेल्या आयओएस १४ या आवृत्तीने ही मोकळीक दिली. गंमत अशी, की सुरुवातीला फोन बंद करून चालू केला की निवड पुसली जाई आणि सफारी पुन्हा गादीवर बसे. थोड्याच दिवसांत १४.०.१ ही सुधारणा आली आणि ती खोड गेली. आता नव्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधल्या 'ॲप्स' या भागात 'डीफॉल्ट ॲप्स' असा कप्पा आहे. जुन्या आवृत्तीत सेटिंग्जच्या यादीत त्या ब्राउझरचं नाव शोधून त्याच्या पानावर ही निवड करावी लागते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवा ब्राउझर हा नव्याने बदलून आलेल्या मास्तरांसारखा असतो. जुन्या मास्तरांना ठाऊक असलेलं त्याला काही ठाऊक नसतं. तुमच्या खुणा, साठवलेले पासवर्ड, उघडी खाती हे सारं जुन्या ब्राउझरजवळ असतं. ते नव्याकडे आणल्याशिवाय किंवा निदान वहीत टिपून घेतल्याशिवाय जुना ब्राउझर काढून टाकू नका. आणि ती वही चारचौघांत ठेवू नका.

आता काही नेहमीच्या तक्रारी आणि त्यांवरचे उपाय.

पहिली तक्रार : 'मी ब्राउझर घेतला, पण यादीत त्याचं नावच नाही.' तो अधिकृत दुकानातून, म्हणजे प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून, घेतला आहे का, निष्क्रिय तर केलेला नाही ना, त्याची आवृत्ती फार जुनी नाही ना, ते पाहा. मग फोन एकदा बंद करून चालू करा.

दुसरी तक्रार : 'ब्राउझर ठरवला, तरी व्हिडिओचा दुवा यूट्यूबच्या ॲपमध्येच जातो.' हा बिघाड नव्हे. काही संकेतस्थळांची स्वतःची ॲप्स असतात आणि आपले दुवे आपल्याकडे वळवून घेण्याची मुभा त्यांना दिलेली असते. ती नको असेल, तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीच्या पानावर जा. दुवे आपोआप उघडण्याविषयीची नोंद तिथे असते, ती बंद करा. कधी फोन स्वतःच विचारतो, 'फक्त एकदा की नेहमी?' घाईत 'नेहमी' दाबलं, की तोच नियम होऊन बसतो. तो इथेच मोडता येतो.

तिसरी तक्रार : 'ठरवलेला ब्राउझर आपोआप बदलला.' तो ब्राउझर काढून टाकला गेला, की फोन दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या जागी नेमतो. आयफोनवर सफारी परत येतो. आपल्या देशात २९ जून २०२० रोजी सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझर हा खेड्यापाड्यांतही चालणारा ब्राउझर होता. तो ज्यांनी ठरवून ठेवला होता, त्यांना नवा शोधावा लागला.

चौथी तक्रार : 'जोडणी सुरक्षित नाही, असं सांगून पान उघडतच नाही.' आधी फोनची तारीख आणि वेळ तपासा. संकेतस्थळाच्या ओळखपत्राला मुदत असते. फोनची तारीख दोन वर्षं मागे असली, तर चांगलं ओळखपत्रही त्याला खोटं वाटतं. तारीख आपोआप घेण्याची सोय चालू करा. तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर तो दटावून पुढे जाऊ नका. बँकेच्या पानावर तर मुळीच नाही.

पाचवी तक्रार : 'पान अर्धवट दिसतं, किंवा जुनंच दिसतं.' ब्राउझर वेग वाढवण्यासाठी पानांचे तुकडे जवळ साठवतो. ते शिळे झाले, की असं होतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमधून साठवलेली चित्रं आणि फायली पुसा. त्याच जागी 'कुकीज' आणि 'पासवर्ड' यांचेही चौकोन असतात. कुकीज पुसल्या तर सगळीकडे पुन्हा प्रवेश करावा लागेल, आणि पासवर्डच्या चौकोनाला तर हात लावू नका.

सहावी तक्रार : 'एकेक ॲप उघडलं की लगेच मिटतं.' मार्च २०२१ मध्ये जगभर असंख्य अँड्रॉइड फोनांवर असं झालं होतं. ॲप्सच्या आत पानं दाखवणारा 'वेबव्ह्यू' नावाचा जो समाईक भाग असतो, त्याच्या एका नव्या आवृत्तीत दोष होता. सुधारित आवृत्ती घेतल्यावर तो गेला. म्हणून ब्राउझर आणि हा वेबव्ह्यू दोन्ही अद्ययावत ठेवावेत.

एवढं करूनही जमलं नाही, तर अँड्रॉइडवर ॲप्सच्या पसंती मुळापासून पूर्ववत करण्याची सोय आहे. तीत आपली माहिती जात नाही. पण सगळी ठरवाठरव पुन्हा करावी लागते. म्हणून तो शेवटचा उपाय.

आणि एक इशारा. 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, इथे दाबून नवा घ्या,' असं सांगणारी पानं येतात. निरोपातून फायलीही येतात. त्या घेऊ नका. ब्राउझर अद्ययावत करायचा तो अधिकृत दुकानातूनच. 'फोनमध्ये विषाणू शिरला' अशा सूचना वारंवार येत असतील, तर बहुधा आपणच केव्हातरी एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिलेली असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, सूचनांच्या यादीत, ते नाव शोधून बंद करा.

श्रोतेहो, पत्र वाचून दाखवणाऱ्याला साऱ्या गावाची गुपितं ठाऊक असत. कुणाचं कर्ज, कुणाची सोयरीक, कुणाचं आजारपण. म्हणून गाव तो माणूस पारखून घेत असे. आपण कुठे गेलो, काय शोधलं, हे ब्राउझरलाही कळतं. तेव्हा त्यालाही पारखून घ्यायला नको का? हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असं नाही. अँड्रॉइडच्या बाजारातली वरचढ जागा गैरवापरल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. गूगलची ॲप्स फोनमध्ये आधीच घालून देण्याची सक्ती हा त्या प्रकरणातला एक मोठा मुद्दा होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. युरोपात तर मार्च २०२४ पासून आयफोनवर ब्राउझर निवडण्यासाठी यादीच पुढे ठेवावी लागते.

आपल्याला मात्र निवड स्वतःच करावी लागेल, आणि ती दोन मिनिटांची आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर फोन हातात घ्या, ठरलेला ब्राउझर कोणता आहे ते पाहा, आणि घरातल्या एका माणसाला दाखवा. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की अर्ज भरण्याचे दिवस येण्यापूर्वी वर्गात एकदा तरी मुलांकडून हे करवून घ्यावं. आणि कुणी मूल अर्ज नाहीसा झाल्याचं सांगत आलं, तर 'पुन्हा भर' म्हणण्यापूर्वी, तो कुठे उघडला होता ते विचारावं.